चाप

व्हिएनो कार्पिनन रायफल घेऊन आली तेव्हा
दुकानात मी होतो आणि स्टोव्ह होता.
सुपीरियर सरोवरावरून आलेला वारा
दारावरची पाटी वाजवत होता.
ऑक्टोबर संपत आलेला,
हरणांचा हंगाम सतरा दिवसांवर.

तिने काउंटरवर घोंगडी उलगडली.
आर्विडची रायफल. दस्त्यावर
त्याच्या गालाने घासून घासून उजळलेली जागा.
"चाप बदलून दे," म्हणाली,
आणि उजवी तर्जनी पुढे केली,
आल्याच्या गड्ड्यासारखी, पेरापेरात सुजलेली.

मी बोल्ट काढला. नळीत काडतूस नाही ना,
डोळ्याने पाहिलं, मग करंगळीने.
चापाला काटा अडकवून ओढला:
सहा पाउंड, दोन औंस.
"हा चाप कसला, भरलेली बादली आहे," मी म्हणालो.
ती हसली नाही.

मग तीन नवे मांडले.

पहिला दीड पाउंडाचा. वाळूच्या पिशव्यांवर नळी टेकवून
कागदाला भोकं पाडणाऱ्यांचा लाडका.
बर्फाची काडी मोडावी तसा तुटतो.
तिने एकदाच ओढला.
"हा मला विचारतच नाही.
थंडीत, हातमोज्यात, बोट टेकतंय न टेकतंय
तोवर हा निघून गेलेला असेल."

दुसरा तीन पाउंडांचा. गंजत नाही, कुरकुरत नाही,
पोस्टमन नेतो, पाद्रीसुद्धा नेतो.
डोळे मिटून ती कितीतरी वेळ ओढत राहिली.
टक्. बोल्ट. टक्. बोल्ट.
"चांगला आहे," म्हणाली,
हॉस्पिटलातल्या जेवणाला म्हणतात तसं.

तिसरा दोन टप्प्यांचा.
"आधी नुसती ढिली वाट," मी सांगितलं,
"मग भिंत लागते. तिथे थांबता येतं."
"आणि परतता?"
"परतताही येतं. बोट सैल सोडायचं फक्त."

तिने ओढला. भिंतीपाशी थांबली.
इतका वेळ, की मी स्टोव्हमध्ये लाकूड सारून आलो
तरी ती तिथेच.

"जुन्यात अधेमधे एक खरखर होती," ती म्हणाली,
"आर्विडचं बोट तिथे अडायचं.
म्हणायचा, इथे मला पुन्हा एकदा विचारतात."
"कोण विचारतं?"
"एकोणचाळीस हंगाम. अकरा हरणं.
शेजारी हसायचे."

तीस वर्षं मी चाप घासतोय, बसवतोय, मोजतोय.
गोळी सुटावी म्हणून असतो तो,
की माणसाला लावायला,
हे मला कोणी गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं.
तिनेही विचारलं नाही. किंमत विचारली.

तिसराच बसवला. दोन पिना, एक स्क्रू,
दोन पाउंड बारा औंस.
रिकाम्या रायफलीच्या दस्त्यावर
रबरी हातोडा चारी बाजूंनी हाणला:
धक्क्याने सुटतो का, पाहायला.
सुटला नाही.
जुना चाप तिने मागून घेतला,
लोणच्याच्या बरणीत टाकला आणि झाकण घट्ट लावलं.

पंधरा नोव्हेंबरला उजाडताना
टेकडीमागून गोळ्यांचे आवाज आले, दरवर्षी येतात तसे.
त्यातला कुठला कोणाचा, कळत नाही.
मी कॉफी प्यायलो.

डिसेंबरात ती पुन्हा आली.
कागदात बांधलेलं मांस काउंटरवर ठेवलं,
वर पेन्सिलीने तारीख,
आणि शेजारी रायफल.
"अर्धा पाउंड वाढव."
"बोट बरं झालं वाटतं?"
"नाही."

मी स्क्रू थोडा फिरवला.
काट्यावर तीन पाउंड चार औंस.
तिने डोळे मिटून ओढून पाहिला.
टोपीवरचा बर्फ वितळून
तिच्या कानामागून उतरत होता.

"अजून," ती म्हणाली.